खिडकीचा पायजमा

मोठी म्हैस म्हाताऱ्याशिवाय कुणालाही पान्हा सोडायची नाही, आणि म्हाताऱ्याच्या बोटांना आता सड हातात आहे की नाही हेच कळत नव्हतं. घरातली सगळी कटकट इथून सुरू झाली.

आधी नुसत्या मुंग्या यायच्या. गार पाण्यात हात घालून येत असतील, असं म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. मग पाय बिघडले. गोठ्यातून ओट्यावर येईपर्यंत एक चप्पल वाटेतच गळून पडायची आणि हा एका पायात चप्पल घालून चहाला बसायचा. कुणी सांगितलं की खाली बघायचा आणि चपलेलाच शिव्या द्यायचा. शेवटी एका सकाळी भरल्या बादलीसकट गोठ्याच्या गटारीत आडवा झाला, तेव्हा मुलानं त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं, पडू नये म्हणून कमरेला दावं बांधलं आणि शहरातल्या डॉक्टरकडे नेलं.

रक्तात एक जीवनसत्त्व अगदी तळाला गेलंय, त्यानं नसा वाळत चालल्यात, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. गोळ्यांनी भागणार नव्हतं. सुरुवातीला एक दिवसाआड इंजेक्शन, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. "मधेच सोडलंत तर जे गेलं ते गेलं समजा," असंही ते म्हणाले. म्हातारीला हे ऐकून उलट बरंच वाटलं. गोळ्यांवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

पण एक दिवसाआड टोचणार कोण? पाइप टाकायला रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आठवड्यातून एकदाच येत. आणि त्या दवाखान्यापर्यंत म्हाताऱ्याला चालवत नव्हतं.

"मी आहे की," मुलगा म्हणाला. "त्यात काय शिकायचंय? आजवर किती जनावरांना दिलीत मी."

ते खोटं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला शिकवलं होतं. सुई मारायच्या जागी आधी मुठीनं दोन-तीन दणके द्यायचे. जनावराला वाटतं, हा नुसता थोपटतोय, आणि तेवढ्यात सुई आत गेलेली असते. म्हशींच्या बाबतीत त्याचा हात कधी चुकला नव्हता. तेव्हा त्यानं बापाला गोठ्यातल्या खांबाला धरून उभं केलं, बायकोला बाहेर पाठवलं, पायजमा सैल केला आणि कुल्ल्यावर दणका घातला.

म्हाताऱ्याचे पाय आधीच लटपटत होते. पहिल्या दणक्याला तो वाकला, दुसऱ्याला गुडघ्यावर आला आणि तिसऱ्याला सुई कुठं लागली ते कुणालाच कळलं नाही. निम्मं औषध पायजम्यावर सांडलं.

"अहो, हलू नका ना," म्हातारी म्हणाली.

"मी कुठं हलतोय? हाच मला हाणतोय."

नर्सबाई आल्या तेव्हा तिथं बशीएवढा काळानिळा डाग होता. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि पोत्यावर बसकण मारली.

"हे कुणी केलं?"

मुलगा वैरणीकडे बघत होता.

"अहो, इथून पायाची मोठी नस जाते. तिला सुई लागली असती तर होता तो पायही गेला असता. आणि मुठीनं काय हाणता? बाप आहे की म्हैस आहे?"

"म्हशीनं लाथ तरी घातली असती," म्हातारा उपडा पडल्या पडल्या म्हणाला.

नर्सबाईंनी सगळ्यांना एकदा नजरेखालून घातलं. मुलाला सगळ्याच गोष्टींची घाई. म्हातारीला सुईचं टोक दिसत नव्हतं. सून कोपऱ्यात दुधाचं फडकं पिळत होती, थेंब न थेंब काढत, कुणाकडेही न बघता.

"तू ये," नर्सबाई म्हणाल्या.

"मी?"

"तूच. हात धुऊन ये साबणानं. आणि पदराला पुसू नकोस."

सुनेला नको होतं. घरात जे काम कुणाला नको ते फिरून फिरून तिच्याच पदरात पडायचं, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. पण नर्सबाईंनी तोपर्यंत चुलीजवळचा भोपळा उचलून तिच्यासमोर ठेवला होता.

"कुपीची मान कापसात धरून मोड, नाहीतर बोट कापून घेशील. औषध सगळं ओढ. सुई वर धरून टिचकी मार, हवा काढून टाक. आता पेन्सिल धरतात तशी धर. तिरकी नाही, सरळ. काटकोनात. एका झटक्यात आत. भीत भीत घातलीस तर जास्त दुखतं. मग दट्ट्या जरासा मागे ओढून बघ. रक्त दिसलं तर काढून घे. नसेल तर औषध हळूहळू सोड. सुई घालायला घाई, औषध सोडायला नाही. कळलं?"

सुनेनं भोपळ्याला पाणी टोचलं. पहिल्यांदा सुई वाकली. मग जमत गेलं. भोपळ्याला एवढी भोकं पडली की म्हातारीनं तो त्या दिवशीच म्हशीपुढे टाकला. टोचलेलं मी शिजवणार नाही, म्हणाली.

"उद्यापासून सून देईल," नर्सबाई म्हाताऱ्याला म्हणाल्या.

म्हातारा उठून बसला. "सुनेसमोर मी पायजमा सोडणार नाही. मेलो तरी चालेल."

"मरण एवढं लवकर येत नाही हो आजोबा. आधी खाटेवर पडून राहाल, आणि मग तुमचं सगळं तिलाच करावं लागेल. तेव्हा पायजम्याचं काय कराल?"

तरीही म्हातारा काही तयार झाला नाही. शेवटी नर्सबाईच एक पायरी खाली उतरल्या. मांडीतही चालेल, म्हणाल्या, बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून एकेका पायात. त्यांनी सुनेला पायजम्यावरूनच माप दाखवलं. कमरेखालच्या बाहेरच्या हाडाखाली आपला एक पंजा सोडायचा, गुडघ्याच्या वर एक पंजा सोडायचा, मधली जागा आपली. मांडीची आतली बाजू कधी नाही. एवढं सांगून त्या खणलेल्या रस्त्यातून स्कूटर ढकलत निघून गेल्या.

आता पायजमा गुडघ्याच्या वर गुंडाळला जाईना आणि म्हातारा तो खाली उतरवेना. दोघांच्या मधे अख्खं घर अडकलं. तोड काढली ती म्हातारीनं. तिनं एक जुना पायजमा घेतला, नवऱ्याला उभं केलं, मांडीवर खडूनं चौकोन काढला आणि तेवढीच खिडकी कापली. कडा दुमडून शिवल्या, वर झाकण लावलं, झाकणाला बटण लावलं. एवढं नीट शिवण तिनं मुलाच्या लग्नातही घातलं नव्हतं.

"बघ," ती सुनेला म्हणाली. "अब्रूही राहिली आणि औषधही जाईल."

सुनेनं हात धुतले, औषध भरलं आणि म्हाताऱ्याला खाटेच्या कडेला बसवलं. तो बसला तशी खिडकी सरकून वर आणि आतल्या अंगाला गेली.

"आत्याबाई, खिडकी आत गेली."

"असं कसं? मी मापानं कापलीय."

"उभं राहून कापलीत. मामंजी बसलेत आता."

"मग त्यांना उभं कर."

"उभं राहून पाय ताठ होतो. नर्सबाई म्हणाल्या, पाय सैल हवा."

"खिडकी आहे ना?" म्हातारा छताकडे बघत म्हणाला. "मग खिडकीतून दे. उगाच चर्चा कशाला?"

"मामंजी, जागा मांडीवर असते. कापडावर नसते."

"तू टोच गं," दारातून नवरा म्हणाला. "घाल जोरात. एवढा विचार केला तर म्हशी मरतील."

सुनेनं सिरिंज परत ताटलीत ठेवली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. मग पायजमाच धरून ओढला. खिडकी ओढून ओढून बाहेरच्या अंगाला आणली, आपल्या पंजानं वरून मोजलं, खालून मोजलं, आणि स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पिरिट वाळायची ती वाट बघत होती, तेवढ्यात म्हातारीनं मायेनं खाली वाकून त्यावर फुंकर घातली.

"आत्याबाई."

"अगं लवकर वाळेल."

"तोंडातलं सगळं तिथंच गेलं ना. आता परत पुसायला लागेल."

परत पुसलं. परत वाळू दिलं. म्हाताऱ्यानं पाय दगडासारखा ताठ केला होता. तो सैल करवून घेतला. मग तिनं सुई घातली, मागे ओढून बघितलं, औषध सोडलं, सुई काढली आणि कोरडा कापूस दाबून धरला. म्हातारीचा हात चोळायला पुढे आलाच होता. तो तिनं कोपरानं अडवला.

"झालं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"झालं."

"लागलंच नाही."

त्यानंतर दर खेपेला हेच नाटक. डाव्या पायाला खिडकी लागली. मग उजव्या पायाला लागली. मग बसल्यावरची वेगळी हवी म्हणून शेजारी दुसरी लागली. म्हातारी कापत गेली आणि सून ओढत गेली. पायजम्याला शेवटी एवढी बटणं झाली की म्हातारा घालताना चुकायचा आणि पाय भलतीकडूनच बाहेर यायचा. सुया कुठं टाकायच्या, यावरून एक भांडण वेगळं झालं. नवऱ्यानं पहिली सुई शेणाच्या ढिगावर फेकली होती.

"शेण रोज मी हातानं भरते," सून त्याला म्हणाली.

"मग बघून भरायचं."

तिनं त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं आणि निमुळत्या तोंडाचा रिकामा तेलाचा डबा खाटेखाली ठेवला.

एवढ्या वैतागात एकच गोष्ट गोड होती. दर वेळी म्हातारा म्हणायचा, लागलंच नाही. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या सुनेचा हात म्हणजे इतका हलका, सुई गेली कधी आणि आली कधी, पत्ता लागत नाही." शेजारीण येऊन बघून गेली. तिच्या गुडघ्यात कसलंसं इंजेक्शन द्यायचं होतं, तर तू देशील का म्हणाली. सुनेनं साफ नाही म्हटलं, पण म्हणताना तिला बरं वाटलं. या घरात तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवून झाली होती, चालण्याला ठेवून झाली होती, माहेराला तर रोजच. चांगलं म्हणून बोललं गेलेलं हे पहिलंच. पुढच्या वेळी तिनं कापूस जरा ऐटीतच उचलला.

नर्सबाई आल्यावर म्हाताऱ्यानं त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. पिशवीतून काड्यापेटी काढली आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. काडी लावली की कळतंय म्हणायचं."

त्यांनी खांद्याला काडी लावली. "कळतंय." कोपराला लावली. "कळतंय." मांडीला लावली. म्हातारा गप्प. परत लावली, जोरात. गप्पच. मग त्याला बहुतेक वाटलं, फार वेळ झाला, आता काहीतरी बोलायला हवं.

"कळतंय की," तो म्हणाला.

नर्सबाईंचा हात तेव्हा पिशवीत होता. त्या काडी परत पेटीत ठेवत होत्या.

खोलीत सगळे उभे होते आणि सगळ्यांनी ते पाहिलं. म्हातारा डोळे मिटून हसरा चेहरा करून बसला होता. सुनेला त्याच्याकडे बघवेना.

अंगणात स्कूटरपाशी नर्सबाई तिला म्हणाल्या, "तुझा हात बरोबर आहे. पण हलका-बिलका काही नाही. त्यांना मांडीपर्यंत बधिर झालंय. म्हणून लागत नाही."

"मग औषध लागू पडेल?"

"पडायला हवं. वेळ लागतो. आठवडे लागतात, कधी महिने. किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. तू बंद करू नकोस, एवढंच."

त्या दिवशी सुनेनं भांडी अशी घासली की म्हातारीनं आतून विचारलं, मांजर आलंय का. तिला राग आला होता, आणि कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याचा नाही. स्वतःच्या ऐटीचा असेल थोडा.

एक दिवसाआडची इंजेक्शनं संपली आणि आठवड्याची सुरू झाली. तीही नर्सबाईंनी सुनेकडेच ठेवली. फरक कुठंच दिसेना. मोठी म्हैस मुलाला जवळ फिरकू देईना. एकदा तिनं लाथ घातली ती बादलीवर बसली, आणि बादली त्याच्या नडगीवर. मग सून धारेला बसू लागली. म्हातारा म्हशीच्या तोंडापाशी स्टुलावर बसून तिच्या मानेवर हात ठेवी आणि काहीबाही बडबडत राही. त्याच्या आवाजावर ती थोडा पान्हा सोडी, निम्मा चोरून ठेवी. कास टणक होत चालली होती. सुनेची मनगटं सुजली. म्हातारा बसल्या जागेवरून तिच्या हाताकडे बघत राहायचा. एकदा नकळत त्यानं स्वतःच्या बोटांनी हवेतच सड पिळल्यासारखं केलं, आणि सुनेनं पाहिलं म्हणून हात पाठीमागे घेतला.

"येत्या बाजाराला हिला काढून टाकू," मुलगा जेवताना म्हणाला. "बाबांचे हात आता काही परत येत नाहीत. हिची कास गेली तर कोणी फुकट नेणार नाही."

म्हातारा जेवत होता. घास तोंडाजवळ नेताना चमचा त्याच्या हातून निसटून ताटात पडला. त्यानं तो उचलला नाही.

"काढ," तो म्हणाला. "आणि ते टोचणंही बंद करा."

इंजेक्शनाच्या दिवशी सून ताटली घेऊन आली, तर म्हातारा साधा पायजमा घालून भिंतीकडे तोंड करून पडलेला. खिडकीचा पायजमा दोरीवर वाळत होता.

"मामंजी, उठा."

"नको."

"कुपी मोडलीय मी."

"तूच टोचून घे मग."

"मामंजी, मला अजून वैरण आणायचीय. पाणी भरायचंय. तुमच्या त्या म्हशीची कास शेकायचीय. मला रुसव्या-फुगव्यांना वेळ नाही."

म्हातारा वळला. त्याचा चेहरा उतरला होता. "त्या दिवशी मी नर्सबाईंना उगाच कळतंय म्हणालो."

"माहितीये."

"तुला मात्र मी खोटं सांगत नव्हतो. खरंच लागत नव्हतं. मला वाटायचं, पोरीचा हातच चांगला आहे." तो थोडा थांबला. "पाय कुणा दुसऱ्याचे जोडलेत असं वाटतं गं. मी म्हशीला हात लावतो तर ती कुठं संपते आणि मी कुठं संपतो ते कळत नाही. मग कशाला उगाच सगळ्यांनी नाचायचं माझ्यामागे?"

सुनेच्या हातात भरलेली सिरिंज होती आणि या घरात रडायला बसलं की औषध राहून जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पाय द्या," ती म्हणाली.

"सांगतोय ना तुला—"

"बोलत राहा. मी नाही म्हणत नाही. पण पाय द्या."

म्हातारा कुरकुरत उठून बसला. या पायजम्याला खिडकी नव्हती. त्यानं एकदा सुनेकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि मग सगळ्याचाच कंटाळा आल्यासारखी नाडी सोडली, चादर मांडीवर ओढली आणि एक कड वर केली. मांडी गोरी आणि बारीक होती, उन्हात कधी न आलेली. सुनेला पहिल्यांदाच अख्खी जागा दिसली. तिनं वरून पंजा लावला, खालून लावला. मांस कमी म्हणून दोन बोटांत हलकेच धरलं. स्पिरिट फिरवलं, वाळू दिलं.

"सैल सोडा."

"सैलच आहे. त्यात राहिलंय काय?"

तिनं सुई घातली.

म्हातारा असा ओरडला की गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली. "आई गं. मेलो. अगं बाई, खिळा ठोकतेस का?"

सुनेचा हात हलला नाही. तो कसा हलला नाही हे तिचं तिलाच कळलं नाही. तिनं मागे ओढून बघितलं, औषध हळूहळू सोडलं. म्हातारा तोवर शिव्या देत तिच्या माहेरापर्यंत पोचला होता. सुई काढून तिनं कापूस दाबला. एवढ्यात म्हातारी धावत आली, तिच्यामागे मुलगा.

"काय केलंस गं?" म्हातारी म्हणाली. "इतके दिवस नीट देत होतीस. लक्ष कुठं असतं तुझं?"

"सांगितलं होतं मी," मुलगा म्हणाला. "हाताला सवय असावी लागते. नस-बीस पकडली असेल हिनं."

"काय दगड आहे हिचा हात," म्हातारा म्हणाला. "अजून ठणकतंय."

सून जमिनीवर बसली. इतके दिवस सगळ्यांशी भांडून भांडून तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि आता तिला हसू येत होतं की रडू, ते तिला सांगता येईना.

"कुठं ठणकतंय मामंजी?"

"कुठं म्हणजे? तू कुठं टोचलंस तिथंच. हे इथं." म्हाताऱ्यानं न बघता बोट टेकवलं. ते बरोबर कापसावर पडलं. "आत पार हाडापर्यंत कळ गेलीय."

"परत सांगा."

"काय परत सांगा? डोकं फिरलंय का तुझं? कळ गेलीय म्हणतो ना. इथं लागलंय, इथं—"

तो बोलता बोलता थांबला. बोट तिथंच होतं. मुलगा काहीतरी म्हणायला गेला आणि म्हातारीनं त्याचा दंड धरून त्याला गप्प केलं.

म्हाताऱ्यानं चादर बाजूला केली. सून समोर बसली आहे याचं त्याला भान राहिलं नव्हतं. त्यानं आपल्या मांडीची कातडी चिमटीत धरली. बोटांना अजून काही कळत नव्हतं, म्हणून नजरेनं बघून बघून धरावी लागली. मग जोरात पिळली.

"आई गं," तो हळूच म्हणाला.

त्यानं जरा वर दुसरा चिमटा काढला. मग आणखी वर. दुसऱ्या मांडीला काढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तो थांबेना.

"पुरे आता," सून म्हणाली. "काळंनिळं होईल."

"होऊ दे," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं आणखी एक चिमटा काढला.